कोरी वडी

माझ्या लेकीच्या, शेवंताच्या, पहिल्या मुलाचं बारसं झालं ते साल अठ्ठ्याण्णव. नोव्हेंबरातला सोमवार होता. पाळणा म्हणून झाला होता, नाव ठेवून झालं होतं, बायका खिरीच्या वाट्या घेऊन ओळीने बसल्या होत्या. मी वाढायला उठले तर सोजरने माझं मनगट धरलं आणि मला न्हाणीत ओढून आतून कडी घातली.

सोजर म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. चेष्टेखोर बाई, त्यामुळे मला वाटलं व्याह्यांची काही गंमत सांगायची असेल. ती म्हणाली, "अक्का, ओरडायचं नाही." आणि ब्लाउजची खालची बटणं काढून तिने माझी बोटं डाव्या छातीच्या खालच्या अंगाला नेऊन ठेवली.

वाटाण्याएवढं काही तरी होतं. वाटाणा दाबला की सरकतो. हे सरकत नव्हतं.

"दुखतंय?"

"दुखलं असतं तर कवाच बोंबलले असते."

दसऱ्यापासून होतं म्हणाली. मी म्हटलं उद्याच दवाखान्यात जाऊ. ती बटणं लावत राहिली. तिच्या आईला असंच झालं होतं हे मला ठाऊक होतं. सोजर तेव्हा अकरा वर्षांची. आईला कापून घरी आणलं आणि चार महिन्यांत ती संपली. सोजरच्या डोक्यात हिशेब असा बसला होता की आई गाठीने गेली नाही, कापल्याने गेली.

"तुझ्या त्या मॅडमचा दिवा हाय न्हवं," ती म्हणाली. "त्यानं बघ. दिव्यानं हाय म्हटलं, तर तू नेशील त्या दवाखान्यात येते. कापू देत न्हाईतर जाळू देत. पण दिव्यानं न्हाई म्हटलं, तर अक्का, पुन्हा हा विषय काढायचा न्हाई. तू पण न्हाई आणि मी पण न्हाई."

मी कबूल केलं. बाहेरून कुणी तरी खीर संपली म्हणून हाका मारत होतं.

आम्ही गवळी. सांगलीपासून चार मैलांवर आमचा गोठा होता. मालक गेल्यावर मी घरचं दूध घेऊन मिरज रस्त्यावरच्या एका संशोधन संस्थेच्या कँटीनला घालत असे. तिथे डॉक्टर कुमुदिनी शेवडे होत्या. औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हेत, प्रकाशाचा अभ्यास करणाऱ्या. त्या कँटीनमधून दूध नेऊन त्याच्या वड्या पाडत आणि रोज वैतागत, कारण आजची वडी आणि कालची वडी एकसारखी होत नसे. एकदा त्यांच्या हातातल्या पातेल्यात मी बोट बुडवलं आणि म्हटलं, ह्यात तिसरा हिस्सा पाणी आहे, हे आमचं नव्हे. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला रोजंदारीवर ठेवून घेतलं. वड्या पाडायला.

ती खायची वडी नव्हती. म्हशीचं दूध, चायना ग्रास आणि काळ्या शाईचे मोजून थेंब. उकळायचं, साच्यात ओतायचं, थिजू द्यायचं. मॅडम म्हणायच्या, हे आपलं खोटं मांस. दिसायला मांसासारखं नाही, पण प्रकाशाला त्यातून जाताना मांसातून गेल्यासारखंच वाटतं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत नेऊन माझ्या तळहाताखाली टॉर्च धरली. सगळा पंजा लाल झाला. "हाडं दिसतात का?" त्यांनी विचारलं. नव्हती दिसत. हा खेळ मी आणि सोजर गोठ्यात किती वेळा खेळलो होतो, पण हाडं का दिसत नाहीत हे मी पंचेचाळीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. मॅडमनी सांगितलं की प्रकाश मांसात शिरला की सरळ चालत नाही. धक्के खातो, वळतो, पुन्हा वळतो, आणि बाहेर पडतो तेव्हा कुठल्या वाटेने आला हे त्याचं त्यालाही माहीत नसतं.

मी म्हटलं, म्हणजे जत्रेतल्या गर्दीसारखं.

"कसं काय?"

मी सांगितलं की एका दरवाजाने माणसं आत सोडली, तर ढकलाढकलीत कोण कुठल्या दरवाजाने बाहेर पडेल ते सांगता येत नाही. पण आत कुठे विहीर असली आणि त्यात माणसं पडत असली, तर विहिरीच्या पलीकडच्या दरवाजांनी कमी माणसं बाहेर येतील. सगळ्या दरवाजांवर माणसं मोजली तर विहीर कुठे आहे ते बाहेरून कळेल.

मॅडम म्हणाल्या, "हौसाबाई, हे समजायला मला एम.एस्सी. करावं लागलं." त्यानंतर नव्या मुलांना त्या जत्रेपासूनच शिकवायला सुरुवात करत. विहीर म्हणजे गाठ. गाठीत रक्त जास्त, ती प्रकाश गिळते. कुठल्या दरवाजाने किती कमी प्रकाश आला त्यावरून गाठ कुठे आणि केवढी हे गणिताने काढायचं. हातही न लावता, सुई न टोचता. तेच त्यांचं काम होतं आणि त्यात त्यांची आठ वर्षं गेली होती.

लिहायला मला त्यांनीच शिकवलं. प्रत्येक वडीला चिठ्ठी लावावी लागे. आधी आकडे शिकले, कारण शाईचे थेंब मोजून मांडायचे होते. मग जेवणाच्या सुट्टीत अक्षरं. मला स्वतःचं नाव लिहिता यायच्या आधी चार शब्द लिहिता येत होते. खडा, कोरी, नवी, जुनी. ज्या वडीत गाठ म्हणून जास्त शाईचा काळा खडा लपवलेला तिच्यावर खडा. ज्या वडीत काही नाही ती कोरी. चार दिवसांच्या आतली नवी, त्यापुढची जुनी. जुनी वडी मोजायला घ्यायची नाही, टाकून द्यायची. हा नियम होता.

तो नियम मला जड जात असे. आमच्यात दूध मोरीत ओतत नाहीत. नासलं तरी नाही. झाडाच्या मुळाशी खड्डा करून त्यात घालायचं आणि वर माती लोटायची, म्हणजे म्हशीचा तळतळाट लागत नाही. सासूने मला ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं, सोजरलाही सांगितलं होतं. म्हणून जुन्या वड्या मी संस्थेच्या आवारातल्या बाभळीखाली पुरत असे. पण त्या वर्षी माळ्याने तक्रार केली, कुत्री उकरतात म्हणून. मला बंदी झाली. तेव्हापासून मी जुन्या वड्या फडक्यात गुंडाळून शीतकपाटाच्या खालच्या खणात ठेवायला लागले. त्यांचं पुढे काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. कचऱ्याच्या डब्यात टाकायला हात होत नव्हता इतकंच.

हे सगळं आधी सांगितलं, कारण मंगळवारी मी जे केलं ते ह्याशिवाय कळणार नाही.

मॅडमना त्या हिवाळ्यात बारा धडधाकट बायका हव्या होत्या. वड्यांवर यंत्र बरोबर चालत होतं, आता माणसावर बघायचं होतं. ज्यांना काही दुखणं नाही अशाच बायका घ्यायच्या, असं वरून बंधन होतं. अकरा मिळाल्या होत्या. मंगळवारी सकाळी मी मॅडमना म्हटलं, माझी जाऊ येईल. त्यांना आनंद झाला. उद्याच आणा म्हणाल्या, आणि आज तिच्यासाठी एक कोरी वडी पाडून ठेवा.

कोरी वडी प्रत्येक बाईसाठी ताजी लागत असे. ती कशाला लागते हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, यंत्र सुरू करून बघायला घेत असतील.

एका वडीला चार लिटर दूध लागे आणि ते आमच्याच गोठ्यातलं लागे. पिशवीचं दूध मॅडम चालवून घेत नसत. पण आदल्या दिवशीचं सगळं दूध बारशाच्या खिरीत गेलं होतं. मंगळवारच्या सकाळचं रतिबाला बांधलेलं. हाताशी उरलं दीड लिटर. मी मॅडमना सांगायला हवं होतं की आज वडी होणार नाही, सोजरला परवा आणते. पण सोजर परवा येईल ह्याची मला खात्री नव्हती. तिचं मन मला ठाऊक होतं.

मी खालच्या खणातल्या जुन्या वड्या काढल्या. त्यांत खडे होते. चमच्याने एकेक खडा कोरून काढला, आणि राहिलेल्या वड्या कापून पातेल्यात घालून वितळवल्या. अडीच लिटर झालं. रंगाला जराशी राखाडी झाक आली, खड्यांच्या कडेची शाई राहिली असणार. मी त्यात दीड लिटर ताजं दूध ओतलं आणि ढवळलं. झाक गेली. खिडकीशी नेऊन बघितलं, पांढरं होतं. साच्यात ओतलं, थिजल्यावर चिठ्ठी लावली. कोरी. नवी. तारीख. तोवर माझं अक्षर चांगलं गोल यायला लागलं होतं.

खोटं सांगत नाही, मला त्या दिवशी बरं वाटलं. इतक्या दिवसांचं दूध वाया गेलं नाही म्हणून.

बुधवारी सोजर नवं लुगडं नेसून आली. खोलीत एक लाकडी बाज होती, सुताराकडून तिला मधोमध भोक पाडून घेतलेलं. बाईने पालथं झोपायचं, छाती त्या भोकातून खाली सोडायची. खाली एक कडं आणि कड्याला सोळा बारीक काचेच्या तारा, त्यांच्यातून लाल प्रकाश यायचा आणि जायचा. सोजरने वाकून बाजेखाली बघितलं.

"जन्मभर म्हशीखाली बसले," ती म्हणाली. "आज म्हस मीच. बादली कुठं हाय मॅडम?"

मॅडम हसल्या. तिच्या बोलण्याला हसणारं माणूस तिला आवडायचं. मग मॅडमनी कागद वाचून दाखवला. हा अभ्यास आहे, हा तपास नाही, ह्यावरून तुम्हाला आजार आहे किंवा नाही असं समजू नये. सोजर मान हलवत होती. त्यांनी विचारलं, छातीत कधी गाठ, दुखणं, पाणी येणं, असं काही?

"काय न्हाई," सोजर म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं.

मी बाजेच्या पायाकडे बघत होते. काही आहे म्हटलं तर तिला घेणार नाहीत, हे तिला मीच सांगितलं होतं.

तिने अंगठा उठवला. मी म्हटलं सही शिकवते तुला. ती म्हणाली, "एका घरात एक मास्तरीण पुरे."

ती झोपायच्या आधी मॅडमनी माझी वडी कड्यात बसवली आणि खोलीतला दिवा मालवला. सोजरने विचारलं, हे आधी कशापायी? आणि मॅडम तिला समजावून सांगू लागल्या. जे मी चार वर्षांत विचारलं नव्हतं ते तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"यंत्राला आधी सांगावं लागतं की निरोगी मांस कसं असतं," मॅडम म्हणाल्या. "ही वडी म्हणजे निरोगी मांस. यंत्र आधी हिला बघणार, मग तुम्हाला. तुमच्यात हिच्यापेक्षा कुठे जास्त सावळं दिसलं, तर ते गणितात उठून येणार. सगळं हिच्याशी ताडून बघायचं. हीच जर सावळी असली तर मग काय, तुमच्यातलं सावळं त्यात बुडून जाईल. म्हणून तर हौसाबाईंना मी रोज छळते."

अंधार होता. माझं तोंड कुणाला दिसत नव्हतं.

"वडी कालचीच ना, हौसाबाई?"

"कालची," मी म्हटलं.

"नवीच?"

मला मार्चमध्ये कायम करण्याचा कागद वर गेला होता. त्यावर मॅडमची सही होती. जुनी वडी वितळवली म्हटलं असतं तर तो कागद परत आला असता, हे माझ्या मनात आलं नाही असं मी म्हणणार नाही. आलं. त्याच्या जोडीला हेही आलं की आज मोडलं तर सोजर पुन्हा ह्या खोलीत यायची नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आधी कुठली आली ते मी पंचवीस वर्षं आठवून बघते आहे.

आणि वडी पांढरी तर होती. मी स्वतः खिडकीशी नेऊन बघितली होती.

"नवीच," मी म्हटलं.

वडी काढली, सोजर झोपली. वीस मिनिटं ती हलली नाही. एरवी ती एका जागी वीस मिनिटं गप्प बसलेली मी पाहिली नव्हती. मग दीड तास संगणक गणित करत होता आणि आम्ही दोघी बाहेर कट्ट्यावर चहा पीत बसलो. ती कपाच्या काठावरून बोट फिरवत होती.

मॅडमनी कागद आणला. त्यावर एक गोल होता. निळा, कुठे हिरवट. ज्या दिवशी वडीत खडा असे, त्या दिवशी असल्या गोलात लाल ठिपका येई. ह्यात नव्हता. डाव्या खालच्या बाजूला हिरवट रंग किंचित पिवळ्याकडे झुकला होता. मॅडम म्हणाल्या, एवढं तर सगळ्यांच्यात असतं.

"सगळं नीट दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण सांगितलं ना, हा तपास नव्हे."

सोजरने पहिलं वाक्य ऐकलं.

बसस्टॉपवर तिने शेंगदाण्याच्या दोन पुड्या घेतल्या. एक मला दिली. ती सालं फुंकत होती आणि शेवंताच्या सासूची नक्कल करत होती. मी हसत होते. मग मला राहवलं नाही.

"सोजर, तरी एकदा दवाखान्यात दाखवू."

"विषय काढायचा न्हाई. ठरलंय."

"यंत्रच आहे ते. चुकू शकतं."

ती थांबली. मुठीतले शेंगदाणे तसेच धरून तिने माझ्याकडे नीट बघितलं. "तुझ्या मॅडमचं गणित चुकतं?"

"नाही. त्यांचं चुकत नाही."

"मग? मग काय चुकतंय, अक्का?"

बस आली. आम्ही चढलो.

मार्चमध्ये मी कायम झाले. सोजरने सकाळच्या दुधाचे पेढे करून संस्थेत पाठवले. मॅडमनी विचारलं, जाऊबाई बऱ्या आहेत ना? मी म्हटलं, बऱ्या आहेत. एप्रिलमध्ये ती एका हाताने धार काढायला लागली. डावा हात वर उचलवत नाही म्हणायची, वारं भरलंय म्हणायची. आमच्यात ठरलेलं होतं, म्हणून ती पुढे बोलत नसे आणि मी विचारत नसे. घरात आम्ही दोघी सकाळ-संध्याकाळ एकमेकींसमोर असायचो.

जुलैत मॅडम त्यांचा लेख लिहायला बसल्या. बारा बायकांचे आकडे मांडताना बाराव्या कोऱ्या वडीचा आकडा बाकीच्या अकरांशी जुळेना. आधी त्यांना यंत्राचा दोष वाटला. मग त्यांनी वही काढली. वड्यांच्या चिठ्ठ्या त्या वहीत चिकटवून ठेवत. त्यांनी मला बोलावून वही पुढे केली. माझं गोल अक्षर होतं.

"ही वडी नवी होती?"

मी म्हटलं, "नव्हती."

सगळं सांगितलं. बारसं, खीर, दीड लिटर, खालचा खण. दुधाने शाई डोळ्याला झाकली, प्रकाशाला नाही, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी संगणक लावला, वडीचा खरा सावळेपणा त्यात घातला आणि गणित पुन्हा सुरू केलं. दीड तास लागतो. त्या बसून होत्या आणि मी दाराशी उभी होते. बस, असं त्या म्हणाल्या नाहीत.

कागद निघाला. गोलात डाव्या बाजूला खाली लाल होतं.

"ही तुमची जाऊच ना?" त्यांनी विचारलं. "गाठ हाताला लागत होती?"

"हो."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून. तुमच्याकडे आणायच्या आधी दीड महिना."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. काढून पुन्हा लावलं. "चला," म्हणाल्या.

त्यांच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी आले. सोजर म्हशीखाली बसली होती, एका हाताने धार काढत. मॅडम आपली साडी तशीच शेणात टेकवून तिच्या शेजारी बसल्या. म्हणाल्या, "सोजरबाई, माझं गणित चुकलं. तुम्हाला माझ्याबरोबर आत्ता दवाखान्यात यायला हवं."

मी गव्हाणीला धरून उभी होते. माझं गणित, असं त्या म्हणाल्या, आणि मी ते तसंच राहू दिलं.

सोजरने बादली उचलून बाजूला ठेवली, फडक्याने झाकली. "अक्का म्हणत हुती, तुमचं चुकत न्हाई," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात तिला कापलं नाही. कापण्याची वेळ निघून गेली होती. काखेत, मणक्यात, सगळीकडे पसरलं होतं. सलाइनमधून औषधं दिली, केस गेले, अंग सुकून गेलं. तिच्या मुलाची तेव्हा दहावी होती. मॅडम दर रविवारी येत, येताना मोसंबी आणत. मला त्यांनी कामावरून काढलं नाही. वरती कळवलं की संदर्भाची वडी सदोष होती, जबाबदारी त्यांची स्वतःची, आणि खाली सही केली. वड्या मात्र त्यानंतर त्या स्वतः पाडायला लागल्या. मला काचसामान धुवायला दिलं. चिठ्ठ्या लिहायचं काम गेलं.

फेब्रुवारीत एका दुपारी घरात आम्ही दोघीच होतो. मी तिचे पाय चेपत होते, पायांत चेपायला काही उरलं नव्हतं. मी तिला सांगितलं. मॅडमचं गणित चुकलं नव्हतं, वडी माझी होती, जुनी होती, आणि मला ते त्याच दिवशी, तू बाजेवर झोपायच्या आधी, कळलं होतं.

तिने मान माझ्याकडे वळवली.

"किती दूध हुतं त्या जुन्या वड्यांत?" तिने विचारलं.

"अडीच लिटर."

"अडीच लिटर," ती म्हणाली. "मग टाकवलं नसतंच. मी पण टाकलं नसतं."

मी पाय चेपत राहिले.

"पण बसस्टॉपवर मी विचारलं हुतं तुला, अक्का," ती म्हणाली. "तवा सांगायचं हुतंस."

नंतर तिने पाणी मागितलं. मी दिलं. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही.

सोजर नामदेव दहिहंडे, माझी धाकटी जाऊ, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, दोन मार्च दोन हजार रोजी, गुरुवारी, सकाळच्या धारेच्या वेळेला वारली.